ट्रॅक डेला स्वतःची गाडी नेताय? आधी विम्याचा निर्णय घ्या

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या गर्दीत किंवा नवी मुंबईतल्या पाम बीच रोडच्या सिग्नलांमध्ये गाडीची खरी ताकद कळत नाही. तिथे ती आजमावून बघणं जीवघेणं आहे, शिवाय गुन्हाही आहे. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली दंड आणि तुरुंगवास दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे एखाद्याने ठरवलं की कोइमतूरला, चेन्नईजवळ किंवा ग्रेटर नोएडाला जाऊन, मार्शल (ट्रॅकवरचे सुरक्षा कर्मचारी) आणि रुग्णवाहिका हजर असताना बंद सर्किटवर गाडी पळवायची, म्हणजे ट्रॅक डेला जायचं, तर मी त्याला मनापासून पाठिंबा देईन. गाडीवरचा ताबा खऱ्या अर्थाने तिथेच शिकता येतो.

पण प्रवेश फी भरण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर मिळवा. तिथे गाडी ठोकली गेली, तर पैसे कोणाच्या खिशातून जाणार? 'आपला फुल इन्शुरन्स आहे' हे उत्तर इथे चालत नाही. ट्रॅकवर आपली नेहमीची पॉलिसी शून्य आहे असं धरूनच सुरुवात करायची. त्यापेक्षा जास्त काही मिळणार असेल, तर ते लेखी मिळालं पाहिजे. या एका गृहीतकावर पुढचा सगळा हिशेब उभा आहे.

पहिली पायरी: कार्यक्रम नेमका कोणता आहे ते ओळखा

'ट्रॅक डे' या नावाखाली पाच-सहा वेगवेगळे प्रकार चालतात आणि विम्याच्या नजरेत ते एकसारखे नाहीत.

ड्रॅग रेस म्हणजे सरळ पट्टीवर वेळ मोजून लावलेली शर्यत. ठाण्याहून शंभरेक किलोमीटरवर, लोणावळ्याच्या पुढे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर असे कार्यक्रम झालेले आहेत. आपल्याला सगळ्यात जवळचा आणि मोहात पाडणारा प्रकार हाच, आणि विम्यातून सर्वांत स्पष्टपणे वगळलेलाही हाच. वेळ मोजली जाते, निकाल लागतो, विजेता ठरतो. इथे वादाला जागाच उरत नाही.

टाइम अटॅक प्रकारात एकेक गाडी सोडतात आणि लॅपची, म्हणजे सर्किटच्या एका फेरीची, वेळ नोंदवतात. दोन गाड्या एकमेकींशी भिडत नसल्या, तरी पॉलिसीतला 'वेगचाचणी' हा शब्द याला अगदी फिट बसतो.

खुला ट्रॅक डे म्हणजे पंधरा-वीस मिनिटांची सत्रं, ठरलेल्या ठिकाणीच ओव्हरटेक, अधिकृत वेळ नाही, क्रमवारी नाही. प्रशिक्षणाचा दिवस म्हणजे जवळपास हेच, फक्त शेजारी प्रशिक्षक बसलेला असतो. या दोन प्रकारांबाबत थोडा वाद घालता येतो, त्याबद्दल पुढे येतो.

टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅली हा आणखी वेगळा प्रकार. ठरवून दिलेला सरासरी वेग राखत ती उघड्या रस्त्यांवर चालवली जाते. तिच्यासाठी भारतीय मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे मोटार विम्याच्या जुन्या प्रमाणित नियमावलीत, आयएमटी-३१ नावाची स्वतंत्र पुरवणी आहे. जादा प्रीमियम भरून रॅली आणि 'रिलायबिलिटी ट्रायल' (गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी) पॉलिसीत घेता येतात. पण शर्यत, पेसमेकिंग (दुसऱ्या गाड्यांसाठी वेग ठरवत पुढे चालणं) आणि वेगचाचणी त्याच पुरवणीत पुन्हा वगळलेली आहेत. एजंट जर म्हणाला, 'आयएमटी-३१ टाकून देतो, ट्रॅकचंही काम होईल', तर त्या पुरवणीचा मजकूर त्याच्यासमोर धरा.

शेवटचा प्रकार म्हणजे कंपनीने किंवा रेसिंग स्कूलने त्यांचीच गाडी चालवायला देणं. तिथे तुमच्या पॉलिसीचा संबंधच येत नाही. मात्र त्यांच्या गाडीचं नुकसान झालं तर तुमच्याकडून जास्तीत जास्त किती घेणार, तो आकडा आधी विचारून ठेवा.

दुसरी पायरी: पॉलिसीतली 'वापराची मर्यादा' वाचा

पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये किंवा विमा प्रमाणपत्रावर 'लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज' असा छोटा परिच्छेद असतो. खासगी कारच्या पॉलिसीत तो साधारण असा असतो: भाड्याने चालवणे, वैयक्तिक सामान आणि नमुने सोडून मालवाहतूक, संघटित शर्यत, पेसमेकिंग, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल आणि मोटार व्यवसायासाठी वापर, हे सोडून कुठल्याही कारणासाठी गाडी वापरता येईल. गाडी एमएच-०४ असो, एमएच-४३ असो किंवा पनवेलची एमएच-४६, शब्द थोडेफार हेच असतात, कारण सगळ्यांचं मूळ त्या जुन्या टॅरिफमध्ये आहे.

वापर या मर्यादेबाहेर गेला की ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) भाग तर जातोच, त्याच्यासोबत झीरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इनव्हॉइस अशी सगळी अ‍ॅड-ऑनही जातात. अ‍ॅड-ऑन मूळ पॉलिसीच्या खांद्यावर उभी असतात. मूळ क्लेमच नाकारला गेला, तर वर्षाला जादा भरलेल्या त्या हजारो रुपयांचा काहीच उपयोग होत नाही.

थर्ड पार्टीचं काय? कलम १४६ प्रमाणे सक्तीचा विमा 'सार्वजनिक ठिकाणी' गाडी वापरण्यासाठी आहे आणि सार्वजनिक ठिकाण म्हणजे जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी जागा. फी भरून, ओळखपत्र दाखवून आत सोडलेलं बंद सर्किट त्या व्याख्येत बसवणं अवघड. त्यातही कलम १५० मध्ये विमा कंपनीला ज्या मोजक्या कारणांनी हात वर करता येतात, त्यात 'संघटित शर्यत आणि वेगचाचणी' स्पष्ट लिहिलेली आहे. दुसऱ्याच्या गाडीला तुमच्यामुळे धक्का लागला, तर थर्ड पार्टी विमा भागवेल या भरवशावर राहू नका.

आता वादाचा मुद्दा. 'आम्ही शर्यत लावली नव्हती, वेळही मोजत नव्हतो, शिकत होतो' हे म्हणणं चुकीचं नाही. पॉलिसीतला शब्द संदिग्ध असेल, तर त्याचा अर्थ ग्राहकाच्या बाजूने लावावा हे तत्त्व आपली न्यायालयं मानतात. खुल्या ट्रॅक डेला 'संघटित शर्यत' म्हणता येईल का, यावर चांगला वकील नक्की भांडेल. पण हे भांडण क्लेम नाकारल्यानंतरचं आहे. गाडी तोवर गॅरेजमध्ये उघडी पडून राहते आणि हप्ते चालूच राहतात. कोर्टात कदाचित टिकेल अशा मुद्द्यावर बारा लाखांची गाडी पणाला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात डॅशबोर्डवर लॅप टायमरचं अ‍ॅप सुरू असेल आणि 'आज २ सेकंद कमी केले' असा व्हिडिओ तुम्हीच टाकला असेल, तर तो मुद्दाही हातातून गेला.

गाडीत बदल केलेले असतील, म्हणजे इसीयू रिमॅप (इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदलणं), बदललेलं सस्पेन्शन, मोठा टर्बो, तर आणखी सावध राहा. न कळवलेले बदल रस्त्यावरच्या साध्या क्लेमलाही अडचणीत आणतात.

तिसरी पायरी: विमा मिळाला तरी काय मिळणार नाही

ट्रॅकवरचा बराच खर्च अपघाताचा नसतो. चौथ्या गिअरमधून पाचवा टाकायला गेलात आणि चुकून तिसरा पडला, तर इंजिन क्षणात मर्यादेपलीकडे फिरतं आणि व्हॉल्व्ह वाकतात. क्लच जळतो, गिअरबॉक्स गरम होतो, डिस्क वाकडी होते, टायरचे खांदे एका दिवसात खाल्ले जातात. विम्याच्या भाषेत ही यांत्रिक बिघाड आणि झीज झाली. सर्वसाधारण पॉलिसी ती रस्त्यावरही देत नाही. टायरचं तर असं आहे की त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचे पैसे मिळतात, तेही अर्धे.

कंपनीच्या वॉरंटीकडेही इथे आशेने बघू नका. बहुतेक वॉरंटी पुस्तिकांत स्पर्धा आणि शर्यतीसाठीचा वापर वगळलेला असतो. पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्येच असते, दहा मिनिटं काढून तेवढं पान वाचा.

म्हणून हिशेबाचे दोन कप्पे करा. एका कप्प्यात झीज आणि बिघाड, जे काहीही झालं तरी तुमच्याच खिशातून जाणार. दुसऱ्या कप्प्यात भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीला धडकणं, उलटणं, आग लागणं. विम्याचा विचार फक्त या दुसऱ्या कप्प्यासाठी करायचा.

चौथी पायरी: विमा कंपनीला लेखी विचारा

फोनवर कस्टमर केअरला विचारू नका. 'हो सर, कव्हर्ड आहे' हे वाक्य फोनवर सहज मिळतं आणि क्लेमच्या वेळी त्याची किंमत शून्य असते. एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही अवलंबून राहू नका, कारण एजंट पॉलिसीच्या अटी बदलू शकत नाही. कंपनीच्या अधिकृत ईमेलवर, पॉलिसी नंबर घालून, कार्यक्रमाच्या किमान तीन आठवडे आधी पत्र पाठवा. मजकूर साधारण असा असावा:

'माझ्या वरील पॉलिसीतील गाडी मी अमुक तारखेला अमुक सर्किटवर अमुक आयोजकांच्या ट्रॅक डेसाठी वापरणार आहे. कार्यक्रमात स्पर्धा, अधिकृत वेळनोंद, क्रमवारी किंवा बक्षीस नाही. आयोजकांचे माहितीपत्रक सोबत जोडले आहे. कृपया पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात. एक, सर्किटवर गाडी चालवताना झालेल्या अपघाती नुकसानीसाठी ओन डॅमेज संरक्षण लागू राहील का. दोन, गाडी पॅडॉकमध्ये (सर्किटवर गाड्या उभ्या करण्याच्या जागेत) उभी असताना आग, चोरी किंवा दुसऱ्या गाडीचा धक्का यांसाठी संरक्षण राहील का. तीन, मालक-चालकाचे वैयक्तिक अपघात संरक्षण त्या वेळी लागू राहील का. चार, जादा प्रीमियम घेऊन पुरवणी देता येत असल्यास तिचा मजकूर, प्रीमियम आणि डिडक्टिबल (नुकसानीतला मी स्वतः सोसायचा भाग) किती.'

दुसरा प्रश्न बरेच जण विचारतच नाहीत. ट्रॅक डेच्या दिवसातला मोठा भाग गाडी पॅडॉकमध्ये उभी असते, आजूबाजूला पेट्रोलचे कॅन असतात, तापलेल्या गाड्या ये-जा करत असतात. उभ्या गाडीच्या बाबतीत उत्तर वेगळं येण्याची शक्यता बरीच जास्त आहे आणि ते लेखी मिळालं तर तेवढी तरी चिंता मिटते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा 'नाही' असं येईल. आलं तरी पत्र वाया गेलं असं समजू नका, निर्णय आता स्पष्ट पायावर घेता येतो. उत्तर गोलमोल आलं, 'अटी व शर्तींनुसार' एवढंच लिहिलं असेल, तर तेही 'नाही' म्हणूनच धरा.

यानंतर सर्वसाधारण विम्याच्या एखाद्या परवानाधारक ब्रोकरला गाठा. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये एका दिवसाचा ट्रॅक विमा सहज विकत मिळतो: गाडीची किंमत आधीच ठरवून घेतात, प्रीमियम त्या किमतीच्या टक्केवारीत असतो आणि डिडक्टिबल मोठा असतो. आपल्याकडे तसं ऑनलाइन बटण दाबून मिळेल या आशेवर राहू नका. ब्रोकर कंपन्यांच्या अंडररायटरकडे (जोखीम तपासून विमा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) खास प्रस्ताव घेऊन जाऊ शकतो. एकट्या गाडीसाठी दार उघडणं कठीण, पण आठ-दहा मित्र किंवा एखादा क्लब मिळून, एकाच आयोजकाच्या कार्यक्रमासाठी विचारणा केली तर ऐकून घेतलं जाण्याची शक्यता वाढते. ठाणे-नवी मुंबईतले गाडीवेडे एकमेकांना ओळखतातच. विचारणा एकत्र करा.

पाचवी पायरी: आकडे मांडा

समजा, नेरूळच्या एका नवरा-बायकोकडे तीन वर्षांची गाडी आहे आणि आज तिची बाजारातली किंमत १२ लाख आहे. ब्रोकरने एका दिवसाचा विमा आणला: ठरलेली किंमत १२ लाख, प्रीमियम २४ हजार, डिडक्टिबल ठरलेल्या किमतीच्या १० टक्के. हे आकडे मी हिशेब दाखवण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या हातात आलेले आकडे इथे बसवा.

गाडी पूर्ण गेली, तर विमा १२ लाखांतून १.२ लाख वजा करून १०.८ लाख देईल. २४ हजाराला १०.८ लाखांनी भागा, साधारण २.२ टक्के येतात. म्हणजे अशा ४५ दिवसांत एकदा गाडी पूर्ण भंगारात जाईल इतका धोका असेल, तरच हा विमा निव्वळ आकड्यांवर फायद्याचा. बहुतेक सावध चालकांचा धोका याहून बराच कमी असतो. हिशेब इथेच थांबवला तर विमा महाग वाटतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. बंपर, रेडिएटर, एक हेडलाइट आणि बॉनेट असा दीड लाखाचा मार बसला, तर डिडक्टिबल वजा जाता हातात फक्त ३० हजार येतात. म्हणजे असा विमा लहान-मध्यम नुकसानीत जवळजवळ काहीच देत नाही, तो मोठ्या घावासाठीच आहे. म्हणून खरा प्रश्न सरासरीचा नाही, एकाच वाईट दिवसाचा आहे. १२ लाख एका दुपारी गेले, तर घराचं काय होईल? घराचा हप्ता, मुलांची फी, आईवडिलांचं औषधपाणी यातलं काही थांबणार असेल, तर २४ हजार महाग नाहीत. आणि विमा मिळतच नसेल, तर ती गाडी ट्रॅकवर नेऊ नका. दुसरी गाडी दारात आहे आणि हे नुकसान दोन-तीन वर्षांच्या बचतीतून भरून निघणार आहे अशी परिस्थिती असेल, तर विम्याविना जाण्यात काही गैर नाही. मात्र नवरा-बायको दोघांनी बसून हा आकडा मोठ्याने म्हणायला हवा. एकट्याने मनात ठरवलेलं यात चालणार नाही.

गाडीवर बरंच कर्ज बाकी असेल तर हिशेब आणखी कडक होतो. गाडी बँकेकडे हायपोथिकेटेड (तारण) आहे, ती भंगारात गेली तरी कर्ज जसंच्या तसं राहतं. बाजारभाव १२ लाख आणि कर्ज ९ लाख बाकी असेल, तर तुम्ही पणाला लावत आहात त्यातले ९ लाख अजून तुमचे झालेलेच नाहीत. माझ्या मते निम्म्याहून अधिक कर्ज बाकी असलेली गाडी विम्याविना ट्रॅकवर जाऊ नये. गाडी वडिलांच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल, तर त्यांची लेखी संमती घ्या.

आयडीव्ही (पॉलिसीत लिहिलेली गाडीची विमा किंमत) आणि ठरलेली किंमत यांत गोंधळ करू नका. नेहमीच्या पॉलिसीत दोन ते तीन वर्षांच्या गाडीची आयडीव्ही नव्या किमतीवर ३० टक्के घसारा लावून काढतात, तीन ते चार वर्षांच्या गाडीवर ४० टक्के. तुम्ही लाख-दीड लाखाचं सस्पेन्शन, ब्रेक आणि चाकं बसवली असतील, तर खास विम्याच्या ठरलेल्या किमतीत ती धरली आहेत का ते बघा.

नो क्लेम बोनस हा आणखी एक मुद्दा. ट्रॅकचा विमा वेगळा असेल, तर त्यावरचा क्लेम मूळ पॉलिसीच्या बोनसला हात लावतो का, हे आधी विचारा. पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेज प्रीमियमवर ५० टक्के सूट मिळते. २० हजारांच्या ओन डॅमेज प्रीमियमवर ती वर्षाला १० हजार होते.

प्रीमियमवर खर्च करण्याआधी ब्रेकवर खर्च करा. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. १४० वरून ७० वर येताना त्या ऊर्जेतला तीन चतुर्थांश भाग ब्रेकला पचवावा लागतो, आणि सर्किटवर हे दर मिनिटाला होतं. डॉट ४ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत दोन पावसाळे काढलेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर गेलात, तर तिसऱ्या-चौथ्या लॅपला पेडल थेट जमिनीला टेकू शकतं. ताजं ऑइल आणि चांगले पॅड काही हजारांत होतात आणि मोठ्या अपघाताची शक्यता त्याने जितकी कमी होते, तितकी कुठल्याही कागदाने होत नाही.

सर्किटची निवडही धोका बदलते. कोइमतूरचं कारी मोटर स्पीडवे सुमारे दोन किलोमीटरचं, आटोपशीर आहे, वेग मर्यादित राहतो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट ३.७ किलोमीटरचं. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट पाच किलोमीटरहून मोठं, २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन तिथेच झाली, आणि त्याच्या मागच्या लांब सरळ पट्टीवर साधी गाडीही असा वेग पकडते की पुढचं वळण अंगावर येतं. पहिल्यांदाच जात असाल तर लहान सर्किट निवडा.

सहावी पायरी: तुमच्या शरीराचा विमा

गाडीपेक्षा हे महत्त्वाचं आहे, पण इथलं चित्र थोडं बरं आहे. आरोग्य विम्यात आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, प्रमाणित केलेला एक अपवाद आहे, कोड एक्सक्ल०९. त्यात मोटार रेसिंगसह साहसी खेळ वगळले आहेत, पण 'व्यावसायिक म्हणून' भाग घेतल्यास. हौसेने ट्रॅकवर गेलेल्या माणसाला या कलमाखाली थेट नाकारणं कंपनीला सोपं नाही. तरी तुमच्या पॉलिसीतले शब्द तपासा. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीचे नियम वेगळे असू शकतात.

वैयक्तिक अपघात पॉलिसी आणि टर्म इन्शुरन्सवरचे अपघाती मृत्यूचे रायडर मात्र शर्यतीबाबत अधिक कडक असतात. मोटार पॉलिसीतलं मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षणही वापराच्या मर्यादेत अडकू शकतं, म्हणूनच ते ईमेलमध्ये वेगळं विचारलं आहे. टर्म पॉलिसी घेताना साहसी खेळांबद्दल प्रश्न होता आणि तुम्ही तेव्हा 'नाही' लिहिलं होतं, तर आता नियमित जायला लागण्याआधी कंपनीला कळवा. शेजारच्या सीटवर मित्राला बसवून लॅप मारू नका. त्याच्या जिवाची जबाबदारी तुमच्यावर येते आणि त्यासाठीचा विमा बहुधा कुठेच नसतो.

सातवी पायरी: आयोजकांचे कागद

सही करायचा इंडेम्निटी बॉण्ड (नुकसानीची जबाबदारी स्वतःवर घेणारं हमीपत्र) आदल्या आठवड्यात मागवा. गेटवर रांगेत उभं राहून, हेल्मेट काखेत धरून तो वाचला जात नाही. त्यात तीन गोष्टी शोधा. बॅरिअर, टायरची भिंत किंवा कुंपण तुटलं तर किती पैसे आकारणार? दुसऱ्या सहभागीने तुम्हाला ठोकलं, तर त्याच्याकडे भरपाई मागण्याचा हक्क तुम्ही सोडून देत आहात का? आणि आयोजकांचा स्वतःचा पब्लिक लायबिलिटी विमा आहे का, असेल तर त्यात सहभागी चालक धरले आहेत का? बहुधा तो प्रेक्षक आणि बाहेरच्या लोकांसाठी असतो. कार्यक्रमाला एफएमएससीआयची, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाची, मान्यता आहे का तेही विचारा. मान्यता असली की मार्शल, रुग्णवाहिका, वैद्यकीय पथक यांचे किमान निकष पाळले जाण्याची खात्री वाढते.

आठवी पायरी: जाणं-येणं

ठाण्याहून कोइमतूर बाराशे किलोमीटरच्या वर आहे. हा रस्ता स्वतः चालवून जाणार असाल, तर सर्किटच्या गेटपर्यंत आणि गेटमधून बाहेर पडल्यावर तुमची नेहमीची पॉलिसी चालू आहे, कारण तो साधा खासगी वापर आहे. कॅरिअरवर पाठवणार असाल, तरी ओन डॅमेजमध्ये रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग आणि विमानाने नेताना होणारं नुकसान धरलेलं असतं. तरीही कळंबोलीत कॅरिअरवर चढवण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा, ओडोमीटरचाही काढा, आणि वाहतूकदाराच्या पावतीवर गाडीची स्थिती लिहून घ्या.

दिवसभर ट्रॅकवर तापलेले ब्रेक आणि झिजलेले टायर घेऊन त्याच रात्री परत निघू नका. मुक्काम करा, सकाळी पॅड, टायर आणि ब्रेक ऑइल बघा, चाकांचे नट कसा. परतीच्या बाराशे किलोमीटरचा अपघात पॉलिसीत बसत असला, तरी आतल्या तारा दिसणारा टायर हा सर्व्हेअरला आयता मुद्दा आहे.

अपघात झालाच, तर

आधी माणसं, मग फोटो. गाडी हलवण्याआधी जागा, खुणा, दुसरी गाडी आणि मार्शलची नोंद यांचे फोटो घ्या. खास विमा असेल तर त्याच दिवशी कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत काही उघडू नका. खास विमा नसेल, तर गाडी उचलून हायवेवर आणायची आणि 'कुत्रा आडवा आला' असा क्लेम टाकायचा, हा सल्ला देणारा कोणीतरी पॅडॉकमध्ये भेटेलच. तो ऐकू नका. ही फसवणूक आहे. बऱ्याच गाड्यांचा संगणक वेग आणि ब्रेकची नोंद ठेवतो, टो ट्रकची पावती सर्किटच्या पत्त्याची असते, आणि त्या दिवशीचे व्हिडिओ दुसऱ्यांच्या फोनमध्येही असतात. क्लेम तर जातोच, पुढची पॉलिसी मिळणंही कठीण होतं, आणि फौजदारी गुन्ह्याचं सावट येतं ते वेगळंच.

लेखी होकार किंवा पुरवणी हातात असूनही क्लेम नाकारला, तर मात्र मागे हटू नका. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवरही ती नोंदवता येते. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. ठाणे आणि नवी मुंबईकरांना त्यासाठी आता दूर जावं लागत नाही, लोकपालाचं एक कार्यालय ठाणे पश्चिमेला आहे आणि ठाणे, रायगड, पालघर जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. अर्जासोबत पॉलिसी, शेड्यूलमधलं वापराच्या मर्यादेचं पान, आयोजकांचं माहितीपत्रक आणि कंपनीशी झालेला तो ईमेलव्यवहार तारखांच्या क्रमाने लावून जोडा.